तापलेले कार्ड आणि त्याचे धनी

यंत्राची मर्यादा पुष्कळदा कारखानदार ठरवितो आणि गिऱ्हाईक ती निसर्गनियम मानून चालते. संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये एएमडी कंपनीने 'रेडिऑन आर-९ २९०-एक्स' हे कार्ड काढले. त्याचा वेग १००० मेगाहर्ट्‌झपर्यंत सांगितला होता. पण चिप ९५ अंश सेल्सिअसला पोचली की कार्ड आपला वेग आपणच उतरवी. सोबतचा एकुलता पंखा जोराने फिरवावा, तर कानठळ्या बसत. दाम मोजले पुऱ्या वेगाचे, पदरी पडे उणा!

तेव्हा काही हौशी धन्यांनी स्क्रू सोडवून मूळ शीतक उतरविला, जुना उष्णतावाहक लेप पुसून नवा लावला, आणि तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पात्या व तीन पंखे असलेला आर्क्टिक कंपनीचा शीतक चढविला. स्क्रू जादा आवळला तर चिपेची कड फुटण्याची भीती होती. हमीवरही पाणी सोडावे लागण्याचा संभव होता. तरी उष्णता घटली, आवाज निवाला, वेग टिकला. वर्षअखेरीपासून भागीदार कंपन्याही मोठ्या शीतकांसह तेच कार्ड विकू लागल्या.

चिप तीच होती. उणीव होती ती उष्णता वाहून नेणाऱ्या धातूची आणि वाऱ्याची.