वीरगळ, गदा आणि यादी

मराठवाड्यातील जुन्या देवळांच्या आवारात, गावाच्या वेशीवर किंवा एखाद्या पारालगत शेंदूर फासलेला उभा शिलापट अनेकदा दिसतो. ग्रामस्थ त्याला देव मानून नारळ फोडतात. अभ्यासक त्याला वीरगळ म्हणतात. त्याची रचना बहुधा ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाईचा प्रसंग, कधी शेजारी गाई कोरलेल्या, म्हणजे वीर गोधन राखताना पडला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती आचंद्रसूर्य टिको. कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर मात्र एक अक्षरही नसते. वीर कसा लढला ते दिसते, तो कोण होता ते कळत नाही.

आधुनिक काळातील गौरवाची रीत नेमकी उलटी आहे. पुरस्कारांच्या याद्या, क्रीडासंकुलातील फलक, चषकावर कोरलेल्या ओळी या सर्वांत नाव असते, साल असते, गाव असते. तो माणूस खेळला कसा, हे मात्र नसते. एकीकडे नावाविना कृती, दुसरीकडे कृतीविना नाव. थोर खेळाडूंचा गौरव करण्याच्या आपल्या इतिहासाकडे या दोन टोकांच्या मधून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय मैदानावरचा असला तरी प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचा आहे, कारण तो मुळात स्मरणाचा आणि नोंदीचा प्रश्न आहे.

प्रथम गदेकडे वळू. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची 'महाराष्ट्र केसरी' ही स्पर्धा १९६१ पासूनची. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा खांद्यावर घेतलेला मल्ल ही महाराष्ट्राच्या क्रीडास्मृतीतील सर्वांत परिचित प्रतिमा म्हणावी लागेल. या परंपरेत १९६९ हे वर्ष लातूरकरांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. त्या वर्षी स्पर्धा लातुरात झाली आणि ती जिंकली निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. तेव्हा लातूर आणि निलंगा दोन्ही उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुके होते. म्हणजे जिल्हा म्हणून नकाशावर येण्यापूर्वी तेरा वर्षे या मातीचे नाव कुस्तीच्या इतिहासात लागले होते.

बिराजदार पुढे हिंदकेसरी झाले. परंतु त्यांचा खरा गौरव कोणत्या वस्तूत आहे असे विचारले, तर आम्ही गदेकडे बोट दाखवणार नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पुढची पिढी घडवली. लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांना १९९८ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे प्रथम बिराजदारांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखाली तयार झाले. २०११ मध्ये बिराजदार गेले. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकल्यावर आवारे यांनी ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. गदेवरच्या नावाने जे साधत नाही ते येथे साधले आहे. पकड, पवित्रा, वेळ साधण्याची नजर हे सारे एका देहातून दुसऱ्या देहात गेले. तालीम ही अशा अर्थाने मौखिक परंपराच आहे. तिची संहिता मल्लाच्या अंगावर लिहिलेली असते. मात्र मौखिक परंपरेचा धोकाही तिला आहेच. साखळीतील एक दुवा निखळला की मागचे सारे मुके होते.

खाशाबा जाधवांचे उदाहरण या संदर्भात पुन्हा तपासण्यासारखे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीची कुस्ती तेथे नवी होती. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची जमवाजमव गावकऱ्यांनी केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ उजाडावे लागले, आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते थेट २०२४ साली पॅरिसमध्ये, नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या रूपाने.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. खाशाबांना तो मिळाला २००० सालचा, मरणोत्तर; १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले होते. त्यांची जन्मतारीख १५ जानेवारी ही आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळली जाते. पुरस्कार आणि दिनविशेष येईपर्यंतच्या दीर्घ काळात खाशाबांना कोणी जिवंत ठेवले? कऱ्हाडहून निघालेल्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीच्या आठवणीने, गहाण पडलेल्या घराच्या कथेने, हेलसिंकीत दोन लढतींमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती न मिळताच त्यांना पुन्हा मैदानात उतरावे लागले या हकिकतीने, आणि त्यांच्या 'ढाक' या डावाच्या ख्यातीने. राज्यसंस्थेच्या यादीत जे नव्हते ते लोकांच्या सांगण्यात होते. त्या सांगण्याचा विशेष असा की त्यात केवळ 'पदक जिंकले' असे विधान नाही, ते कसे जिंकले याची चौकट आहे. वीरगळाची खालची चौकट आणि वरचे नाव येथे एकत्र आले, म्हणूनच ही स्मृती टिकली.

आता यादीचा विचार करू. यादीचे सर्वांत गाजलेले आधुनिक उदाहरण अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे आहे. तेथील एनबीए या संघटनेने १९७१ साली दहा, १९८० साली अकरा आणि पन्नासाव्या वर्धापनाच्या निमित्ताने १९९६ साली पन्नास सर्वश्रेष्ठ खेळाडू जाहीर केले. पत्रकार, माजी खेळाडू, प्रशिक्षक आणि संघव्यवस्थापक यांच्या मंडळाने ती निवड केली. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडच्या सोहळ्यात पन्नासांपैकी सत्तेचाळीस जण एका व्यासपीठावर आले होते. पंच्याहत्तराव्या वर्षी, २०२१ मध्ये, यादी पंच्याहत्तरांची ठरली होती. मते समसमान पडल्याने ती शहात्तरांची झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल. अभ्यासक्रमात कोण, वगळला कोण, मर्यादा कुठे आखायची, समकालीनांना घ्यायचे की नाही, हे अभिजाततेच्या चर्चेतील सारे जुने वाद तेथे जसेच्या तसे आहेत. यादी करणे ही समीक्षेचीच एक कृती आहे.

त्या यादीमागे आकड्यांचे आणि चित्रफितींचे भांडार उभे आहे. तरीही तिची एक फट फार बोलकी आहे. बिल रसेल यांनी बोस्टन संघातर्फे तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली. त्यांची ख्याती बचावाची. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू हवेतच अडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असे समकालीन सांगतात. पण अशा अडवणुकीची अधिकृत मोजदाद एनबीएने सुरू केली १९७३-७४ च्या हंगामापासून, आणि रसेल निवृत्त झाले १९६९ साली. ज्या गुणासाठी ते थोर, त्याचा अधिकृत आकडाच नाही. २०२२ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचा सहा हा क्रमांक सर्व संघांतून कायमचा निवृत्त करण्यात आला. हा गौरव आकड्यांवर नव्हे, पाहणाऱ्यांनी लिहून आणि सांगून ठेवलेल्या साक्षीवर उभा आहे. नोंदींनी समृद्ध अशा देशातही शेवटी वर्णनाची गरज उरतेच.

खो-खोत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो, आणि येथे तो भाषेशी थेट भिडतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले. पुढे राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूंसाठी जे पुरस्कार ठरले त्यांची नावे पाहावीत : पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, कुमारींसाठी जानकी, किशोरांसाठी भरत आणि किशोरींसाठी इला. जगातील इतर खेळांत पुरस्कारांना दानशूरांची, संस्थापकांची किंवा जुन्या खेळाडूंची नावे असतात. येथे महाकाव्य, पुराण आणि इतिहास एकत्र येऊन वयोगटांची वाटणी करतात.

ही नावे वाचण्यासारखी आहेत. शासनाचा पुरस्कार अर्जुनाच्या नावाने आणि खो-खोचा एकलव्याच्या, हा योगायोग असो वा नसो, त्यात अर्थ दडलेला आहे. अर्जुनाला राजाश्रय होता, गुरू होता, साधने होती. एकलव्याकडे होता तो केवळ सराव, आणि त्याचीही किंमत अंगठ्याने चुकवावी लागली. कमी साधनांत, मोकळ्या मैदानावर वाढलेल्या खेळाने आपल्या श्रेष्ठतम खेळाडूसाठी हे नाव निवडावे, यात अभिमान आहे आणि न बोललेली तक्रारही आहे. अभिमन्यूचे नाव तर खेळाच्या रचनेतच बसते. आठ गडी बसलेले, नववा पाठीवर, आणि त्या रांगेत शिरून वेळ काढणारा संरक्षक. तो आज ना उद्या बाद होणार हे सर्वांना ठाऊक असते. कौतुक असते ते तो किती वेळ टिकला याचे. पराभव अटळ असलेल्या लढतीत शौर्य मोजण्याची ही रीत आपल्या महाकाव्यदृष्टीच्या फार जवळची आहे.

तथापि नाव थोर असले म्हणून गौरव पूर्ण होत नाही. खो-खोला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली सुधीर परब यांच्या रूपाने मिळाला. पुढे श्रीरंग इनामदार, हेमंत टाकळकर यांच्यासारख्यांची नावे त्या यादीत आली. १९९८ साली शोभा नारायण यांना तो मिळाला आणि नंतर यादी बंद पडावी तशी थांबली. बावीस वर्षांनी, २०२० साली, ती पुन्हा उघडली ती धाराशिवच्या सारिका काळे यांच्यासाठी. २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या. त्याच वर्षीच्या अर्जुन यादीत राहुल आवारे होते. एकाच वर्षी मराठवाड्याची दोन नावे, एक मातीतले, एक मैदानावरचे. २०२२ साली खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या दोन मराठी कर्णधारांच्या संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून दोन्ही विजेतेपदे मिळवली. आता चित्रीकरण आहे, आकडे आहेत. पुढच्या पिढीची खालची चौकट रिकामी राहणार नाही.

रिकामी राहण्याची भीती आहे ती मधल्या पिढ्यांची. १९६० ते २००० या चार दशकांत आपल्या जिल्ह्यांतील शाळांच्या पटांगणांवर आणि जत्रांच्या फडांवर जे खेळले, त्यांची फलकावर नावे असतील, घरात पितळी चषक असतील. खेळ मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे आणि ते डोळे आता म्हातारे झाले आहेत. खो-खोच्या जुन्या बातम्यांत अमुक खेळाडूने अमुक मिनिटे संरक्षण केले व अमुक गडी बाद केले, अशी एक ओळ असते. ती ओळ म्हणजे वीरगळाच्या खालच्या चौकटीचा पहिला ओरखडा. पुढचे कोरीवकाम शब्दांनी करायचे आहे.

शब्दही हाताशी आहेत. हूल, साखळी, सूर, पाटी, खांब. ढाक, मोळी, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड. यांतील प्रत्येक शब्द एका हालचालीचे नाव आहे आणि ती हालचाल पाहिलेल्या माणसालाच तो नीट समजावून सांगता येतो. बोलीभाषांचे सर्वेक्षण आपल्या विभागांतून होते, ओव्या आणि भारुडे विद्यार्थी गोळा करतात. त्याच पद्धतीने एखाद्या गावच्या वस्तादाकडून एका डावाचे किंवा जुन्या खो-खोपटूकडून एका डावातील पळतीचे वर्णन त्याच्याच भाषेत उतरवून घेता येईल. पदव्युत्तर वर्गातील अनेक मुले अशाच गावांतून येतात. कोणाचे वडील, कोणाची आत्या, कोणाचे चुलते कधीकाळी जिल्ह्याच्या संघात होते. एका प्रकल्पात एक खेळाडू, एवढे केले तरी दहा वर्षांत एक दफ्तर उभे राहील.

सर्वश्रेष्ठ कोण, याची यादी त्यानंतर करावी. यादी करायला पुरावा लागतो, आणि नुसत्या नावांतून निवड करणे म्हणजे ग्रंथ न वाचता ग्रंथकारांचे क्रम लावणे. वीरगळ कोरणाऱ्या पाथरवटाने वीर कसा लढला हे पाहिले होते किंवा पाहणाऱ्याकडून ऐकले होते. नाव घालायचे त्याच्याकडून राहिले. आज नावे आपल्यापाशी आहेत, आणि ज्यांनी तो खेळ पाहिला त्यांतील काहीजण अजून सांगायला हयात आहेत.