डोक्याच्या घेरावरून

जन्मतःच मेंदूत पाणी साठलेल्या मुलांचा इतिहास बहुधा शल्यक्रियेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी सगळा अंधार होता, मग 1950 च्या दशकात शंट, म्हणजे मेंदूतले पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी नळी, आला आणि ही मुले जगू लागली, अशी ती मांडणी. शंटचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण मेंदूत पाणी साठण्याने, म्हणजे हायड्रोसेफॅलसने, माणसाची कुवत सरसकट घटत नाही. ती असमान होते. एखाद्याची स्मरणशक्ती उत्तम असते आणि तोल जातो, बोलणे अस्खलित असते आणि हिशेब जमत नाही. भोवतालच्या लोकांनी मात्र शतकानुशतके एखाद्याच खुणेवरून, बहुतेक वेळा डोक्याच्या घेरावरून, अख्ख्या माणसाचा निकाल लावला. ही रीत शंटच्या आधी होती आणि शंट आल्यावरही टिकली.

इंग्लंडची पुढे राणी झालेली ॲन हिचा मुलगा विल्यम, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, 1689 साली जन्मला. तिच्या मुलांपैकी तान्हेपण ओलांडून मोठा झालेला हा एकटाच. त्याच्या सेवेतल्या जेंकिन लुईसने लिहून ठेवलेल्या आठवणींत पाच वर्षांचा विल्यम स्पष्ट दिसतो. त्याची टोपी मोठ्या माणसाला बसेल एवढी होती, आणि दोन्ही बाजूंनी कोणी धरल्याशिवाय तो जिन्यावर पाऊल टाकायला तयार नसे. आईबापांना हा हट्ट वाटला. बापाने छडीने मारून त्याला एकट्याने जिना चढायला लावले. मेंदूतल्या पोकळ्या फुगल्या की पायांकडे जाणारे तंतू ताणले जातात, चाल बिघडते, तोल सुटतो, हे आज माहीत आहे. तेव्हा कोणालाच ते माहीत नव्हते. हाच मुलगा केन्सिंग्टनच्या पोरांची पलटण जमवून कवायत घेत असे, आणि अभ्यासातल्या त्याच्या स्मरणशक्तीचे मंत्र्यांना कौतुक वाटे. एवढ्या चलाख पोराला पायऱ्या का चढवत नाहीत, असा प्रश्न घरच्यांना पडला असणार आणि त्यांना सापडलेले उत्तर छडीचे होते. अकरावा वाढदिवस होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच 30 जुलै 1700 रोजी तो तापाने गेला. शवविच्छेदनात मेंदूच्या पोकळ्यांत पाणी सापडले. त्याच्यानंतर थेट वारस न उरल्याने 1701 चा वारसाकायदा झाला आणि पुढे हॅनोव्हर घराणे इंग्लंडच्या गादीवर आले. इतिहासाच्या पुस्तकांत विल्यम एवढ्यापुरताच येतो.

राजपुत्राच्या दिमतीला माणसे होती म्हणून तो अकरा वर्षे जगला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी जेम्स कार्डिनलकडे पाहावे. एसेक्समधल्या कॉगेशॉल गावचा हा साधा माणूस 1795 साली जन्मला. त्याचे डोके इतके मोठे आणि कवटी इतकी पातळ होती की मागे मेणबत्ती धरली तर उजेड आरपार दिसे. त्याला लिहिता-वाचता येत होते. 1825 मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयात तो वारला, तेव्हा वय तिशीला टेकले होते. रिचर्ड ब्राइट या नामांकित डॉक्टरने त्याची सविस्तर नोंद केली. कवटीत सात-आठ पाइंट पाणी निघाले होते.

पण हे दोघे वाचलेले, म्हणून तर त्यांची नोंद झाली. पाळण्यातच गेलेल्यांची मोजदाद कोणी केली? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. त्याचे सर्वांत चांगले उत्तर 1962 चे आहे. लॉरेन्स आणि कोट्स यांनी शस्त्रक्रिया न झालेल्या 182 मुलांचा माग काढला. जवळजवळ निम्मी मेली होती. आणि 81 जणांत पाणी वाढायचे आपोआप थांबले होते. म्हणजे मृत्यूची भीती रास्त होती, पण निदान म्हणजे फाशीची शिक्षा हा समज खोटा होता.

त्याच्या काही वर्षे आधीच शंटच्या झडपेचा प्रश्न सुटत आला होता. अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या यंत्रकारागिराचा मुलगा 1955 मध्ये पाठीच्या कण्यातला दोष आणि डोक्यात पाणी घेऊन जन्मला. बापाने सिलिकोनची, चिरेतून एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप बनवली आणि 1956 पासून ती मुलांच्या शरीरात बसू लागली. ज्याच्यासाठी ती बनवली तो मुलगा मात्र फार वर्षे जगला नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी अशा मुलांवर सरसकट शस्त्रक्रिया सुरू केल्या. 1971 मध्ये त्यांच्यातल्याच जॉन लॉर्बर यांनी 524 मुलांचे निष्कर्ष मांडले आणि काही बाळांवर उपचार करूच नयेत असे सुचवले. त्यांच्या निकषांत पायांचा गंभीर लकवा होता, कण्याचा बाक होता, आणि जन्मवेळच्या डोक्याचा वाढलेला घेरही होता. लॉर्बर निर्दय नव्हते. वारंवार शस्त्रक्रिया आणि यातना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि लकव्याच्या निकषामागे अनुभवाचे बळ होते. घेराच्या निकषामागे तेवढे नव्हते. डोके किती मोठे यावरून पाणी किती साठले ते कळते. शंटने दाब उतरल्यावर तान्ह्या मुलाच्या मेंदूचा थर पुन्हा किती भरून येईल, ते त्यावरून सांगता येत नाही. 1980 साली याच लॉर्बर यांचा एक रुग्ण जगभर चर्चेत आला: गणितात पदवी मिळवलेला, बुद्ध्यंक 126 असलेला विद्यार्थी, ज्याच्या कवटीत मुख्यतः पाणीच दिसत होते. त्याला मेंदूच नाही, ही अतिशयोक्ती होती. मेंदू दाबला जाऊन पातळ झाला होता. पण नुसत्या चित्रावरून त्या तरुणाबद्दल काय ठरवले गेले असते, हे सांगायला नको.

शंटने आयुष्ये दिली तशी नवी टांगणीही दिली. लहान मुलांतले जवळपास 40 टक्के शंट पहिल्या वर्षातच बिघडतात. तीव्र डोकेदुखी, उलट्या, पेंगुळणे दिसले की रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे लागते, आणि ते जवळ नसेल तर जीव जातो. म्हणून युगांडातल्या म्बाले शहरात बेंजामिन वॉर्फ यांनी केलेले काम मोलाचे आहे. 195 मुलांवरच्या त्यांच्या 2005 च्या अभ्यासात भारतीय बनावटीचा स्वस्त छाब्रा शंट वर्षभराच्या निकालात कितीतरी महागड्या शंटच्या बरोबरीने उतरला. पुढे तिथेच 100 तान्ह्या मुलांत शंट आणि दुर्बिणीतून मेंदूत पाण्याला वाट काढून देणारी शस्त्रक्रिया यांची तुलना झाली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या तुलनेची मुख्य कसोटी डोक्याचा घेर नव्हती. वर्षभरानंतर प्रत्येक मूल काय समजते, काय ओळखते, हे एकेकाला समोर बसवून तपासले गेले.