विठ्ठल रामजी शिंदे : उपासना आणि न्याय

धर्मश्रद्धेचा समाजस्थितीशीं संबंध काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. ईश्वरापुढें सर्व जीव सारखे, ही गोष्ट पंढरीच्या वाळवंटांत शतकानुशतकें गाइली गेली. परंतु वाळवंट सोडून माणूस गांवांत शिरला, कीं पाणवठे निराळे, वस्त्या निराळ्या, आणि देवळाचें दार तर एका वर्गाला बंदच. कीर्तनांत डोळ्यांस पाणी आणणारा भाव व्यवहाराच्या उंबरठ्यावर कां अडतो? ह्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षां एका माणसाच्या चरित्रांत शोधणें अधिक उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें. तो माणूस म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे.

शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजीं जमखंडी येथें एका मराठा कुटुंबांत झाला. घरचें वळण भागवतधर्माचें होतें. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून १८९८ सालीं ते बी. ए. झाले आणि त्याच सुमारास प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले. १९०१ ते १९०३ हीं वर्षें त्यांनीं ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजांत धर्माच्या तौलनिक अभ्यासांत घालविलीं, आणि स्वदेशीं परत आल्यावर समाजाच्या प्रचारकाचें काम पत्करलें.

प्रार्थनासमाज १८६७ सालीं मुंबईंत स्थापन झाला. रानडे, भांडारकर, चंदावरकर ह्यांच्यासारखे विद्वान् त्यास लाभले. एक ईश्वर आणि त्याचीं सर्व लेकरें समान, हें त्याचें तत्त्व. तरीही समाजाचा विस्तार मुख्यत्वें सुशिक्षितांतच राहिला. उपासनामंदिराचें दार लावलेलें नव्हतें हें खरें. पण ज्यांस गांवच्या विहिरीवर पाय ठेवण्याची मुभा नव्हती, त्यांची आणि त्या दाराची गांठ क्वचितच पडे. तत्त्वांत उणें कांहीं नव्हतें. उणीव होती ती चालत जाण्याची.

शिंदे चालत गेले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं त्यांनीं मुंबईंत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. इंग्रजींत ती ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष झाले आणि परळ भागांत, गिरणीकामगारांच्या शेजारीं, पहिली शाळा निघाली. पुढें इतर ठिकाणींही शाखा झाल्या. पुण्याच्या शाखेचा पुढें अहल्याश्रम झाला. शाळेच्या जोडीला वसतिगृह, उद्योगशिक्षण, भजन अशीं कामें उभीं राहिलीं. शिंद्यांची बहीण जनाबाई ह्याही त्या कामांत पडल्या. येथें आम्हांस एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. व्याख्यान देऊन रात्रीं आपल्या आळींत परतणारा सुधारक निराळा, आणि ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्यांतच घरदार घेऊन राहणारा निराळा. दुसऱ्या प्रकारचीं माणसें त्या काळीं फार थोडीं होतीं.

परंतु अन्यायाचें मूळ नुसत्या शाळांनीं उपटत नाहीं, हें शिंद्यांस लौकरच उमगलें. राष्ट्राच्या सभेनें ह्या पापाची जबाबदारी घ्यावी, म्हणून त्यांनीं खटपट केली. आणि १९१७ सालच्या कलकत्ता येथील राष्ट्रसभेंत अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला. १९१८ च्या मार्च महिन्यांत मुंबईंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या अध्यक्षतेखालीं अस्पृश्यतानिवारक परिषद भरली. तींत लोकमान्य टिळकांनीं, अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर अशा देवाला आपण देव मानणार नाहीं, अशा आशयाचे उद्गार काढले. सभेनें टाळ्या वाजविल्या. परंतु स्वतःच्या आचरणांत अस्पृश्यता पाळणार नाहीं, अशा प्रतिज्ञापत्रकावर सही करण्याची वेळ आली, तेव्हां लोकमान्यांची सही त्यावर पडली नाहीं. हा दोष एका थोर पुरुषावर लादून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. वाणी आणि सही ह्यांमधील तें अंतर आपल्या सर्व शिष्टवर्गाचेंच होतें.

शिंद्यांच्या कार्याची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या बाजूनें झाली. १९१९ सालीं मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढें त्यांची साक्ष झाली, तशीच तरुण भीमराव आंबेडकरांचीही झाली. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग भिन्न झाले. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानें स्वतः बोलावें, त्याच्या वतीनें दुसऱ्यानें कां बोलावें, हा आंबेडकरांचा आक्षेप होता. आणि तो रास्त होता, असें आज मागें वळून पाहतां मान्य करावें लागतें. मिशनचा कारभार अस्पृश्य वर्गांतील मंडळींच्याच हातीं असावा, ही मागणीही वाढत गेली. १९२३ सालीं शिंद्यांनीं कारभारांतून अंग काढून घेतलें. स्वतः लावलेलें झाड दुसऱ्याच्या स्वाधीन करणें सोपें नसतें.

पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९२७ सालीं महाडचें तळें, १९३० पासून नाशिकचें काळाराम मंदिर, १९३५ सालीं येवल्याची घोषणा आणि १९५६ सालीं नागपूरची दीक्षा. हा प्रवास सेवेचा नव्हे, हक्काचा होता. म्हणून शिंद्यांचें कार्य फुकट गेलें, असें कोणी म्हणेल काय? आम्ही म्हणणार नाहीं. १९३३ सालीं त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ निघाला. आयुष्यभर ज्या दुःखाची सेवा केली, त्याचें मूळ इतिहासांत धुंडाळण्याची त्यांची तळमळ त्यांत दिसते. २ जानेवारी १९४४ रोजीं ते निवर्तले. त्यानंतर सहा वर्षांनीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केल्याचें जाहीर केलें.

शिंद्यांच्या चरित्रावरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. श्रद्धा माणसाला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊं शकते. हें तिचें सामर्थ्य. परंतु तेथें पोहोंचल्यावर दार कोणी उघडावें आणि घरांत कोणाची सत्ता चालावी, हें ठरविण्याचा अधिकार घरच्या माणसांचा असतो. हें ज्या श्रद्धेला कळत नाहीं, तिची दया हळूहळू मालकी होऊन बसते. शिंद्यांस तें कळावयास वेदना झाल्या, पण कळलें. कायदा होऊन इतकीं वर्षें लोटलीं, तरी गांवोगांवच्या बातम्या वाचतांना आमची मान खालीं जाते. अशा वेळीं देवापुढें हात जोडणाऱ्या प्रत्येक घरानें स्वतःस एवढेंच विचारावें, कीं आपल्या सहीची वेळ येईल तेव्हां आपण काय करूं?