बोटावरचा बुरुज

१७३६ च्या सुमारास लंडनचा सर्जन जॉन बेल्शियर एका रंगाऱ्याकडे जेवायला गेला. पानात डुकराचं मांस होतं आणि त्यातली हाडं चक्क लाल! चौकशीत कळलं, कापड रंगवण्याच्या मॅडरमध्ये (आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण) भिजलेला कोंडा डुकरांना घालत होते.

ही बातमी फ्रान्समध्ये दुहामेल द्यु मोंसोपर्यंत पोचली. हा गडी झाडांचाही अभ्यासक. त्याने जनावरांना मॅडर दिलं, बंद केलं, पुन्हा दिलं. हाडं कापली तर आत लाल-पांढरे थर, खोडातल्या वलयांसारखे. आमच्या भाषेत लॉग फाइल! जिवंत हाडाभोवती त्याने चांदीची तार गुंडाळली, ती पुढे हाडाच्या आत गाडलेली सापडली. म्हणजे नवं हाड बाहेरून चढत होतं. त्याने श्रेय दिलं हाडाला चिकटलेल्या पातळ पापुद्र्याला, पेरिऑस्टियमला.

भांडण मात्र दीडशे वर्षांहून जास्त चाललं. लिओंच्या ओलिएने हा पापुद्रा दुसरीकडे लावून तिथे हाड उगवून दाखवलं, १८६७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ग्लासगोचा मॅकएवन १९१२ मध्येही म्हणत होता, पापुद्रा फक्त कुंपण आहे.

बोटाच्या मागच्या बाजूला मांस जवळजवळ नाहीच. कातडी, स्नायूची दोरी, हाड. तिथे मार लागला की कधीकधी रक्त या पापुद्र्याखाली साचतं आणि त्याचं हाड होतं. १९६६ मध्ये अमेरिकी हातशल्यविशारदांनी त्याला नाव दिलं ‘टरेट एक्सोस्टोसिस’, म्हणजे बुरुजासारखी वाढ. गुळगुळीत घुमटी. वरची दोरी अडते आणि बोट नीट वाकत नाही.

माझ्या मधल्या बोटावर क्रिकेटचा चेंडू बसल्यानंतर अशीच गाठ आली. सुरुवातीच्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही, तेही नेहमीचंच. डॉक्टर म्हणाले, थांबा. कीबोर्डवर दिवस काढणाऱ्याला हे ऐकणं जड जातं, पण कारण पक्कं आहे: हाड पिकायच्या आत काढलं तर पुन्हा उगवण्याची भीती जास्त. म्हणून काही महिने वाट पाहतात.

१९८३ मध्ये नोरा आणि सहकाऱ्यांनी हातापायांतल्या ३५ वाढींचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतक्या विचित्र, की कॅन्सरचा संशय यावा. पण कॅन्सर नव्हता. काही तज्ज्ञांच्या मते ती वाढ आणि हा बुरुज एकाच प्रक्रियेचे टप्पे आहेत. बाकीच्यांना ते मान्य नाही.