इंटरमिटंट वायपर

इंटरमिटंट वायपर म्हणजे मोटारीच्या पुढील काचेवरून एकदा फिरून काही सेकंद स्थिर राहणारा आणि त्यानंतर आपोआप पुन्हा फिरणारा वायपर होय. भुरभुर पाऊस, धुके किंवा पुढील वाहनाच्या चाकांनी उडविलेले तुषार अशा प्रसंगी सलग फिरणारा वायपर जवळजवळ कोरड्या काचेवर घासत राहतो. त्यामुळे रबरी पाते झिजते, काचेवर ओरखडे पडतात आणि चालकाचे लक्षही विचलित होते. ही अडचण दूर करणारी व्यवस्था १९६० च्या दशकात विकसित झाली. १९७० व १९८० च्या दशकांतील मोटारी आज जुन्या संग्राह्य मोटारींत मोडतात आणि त्यांच्या वायपरचा मूळ टायमर अनेकदा बाजारात मिळत नाही. म्हणून या यंत्रणेची दुरुस्ती हा अशा मोटारींच्या जतनातील एक आवश्यक भाग ठरला आहे.

इतिहास

अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये हाताने चालवावयाच्या वायपरचे पेटंट मिळाले. पुढे अनेक मोटारींत इंजिनातील निर्वातावर चालणारे वायपर आले. त्यांची गती इंजिनावरील भारानुसार बदलत असे. चढावर इंजिनावर ताण येताच वायपर मंदावत. विजेच्या मोटरमुळे हा दोष गेला, परंतु ही मोटर ठरावीक गतीने सतत फिरणारी होती. ब्रिटनमधील ल्युकस कंपनीचे अभियंते जॉन एमोस यांनी १९६१ मध्ये घनावस्था इलेक्ट्रॉनिकीवर आधारित खंडित वायपरच्या पेटंटसाठी तेथे अर्ज केला.

अमेरिकेत या शोधाशी प्रामुख्याने जोडले जाणारे नाव रॉबर्ट कर्न्स यांचे आहे. डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या कर्न्स यांच्या एका डोळ्याला १९५३ मध्ये, लग्नाच्या रात्री, शॅम्पेनच्या बाटलीचे बूच लागून कायमची इजा झाली होती. पापणीप्रमाणे मिटून थांबणारा वायपर ही कल्पना त्यांना यावरून सुचली, असे सांगितले जाते. त्यांनी १९६४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९६७ मध्ये ते मंजूर झाले. त्यांनी आपली यंत्रणा फोर्ड कंपनीला दाखविली, परंतु करार झाला नाही. १९६९ पासून मात्र फोर्डच्या मोटारींत असे वायपर बसविले जाऊ लागले.

कर्न्स यांनी १९७८ मध्ये फोर्डवर दावा लावला. रोधक, धारित्र व ट्रान्झिस्टर हे घटक आधीपासून ज्ञात असल्याने त्यांच्या जुळणीत नवे काही नाही, असा फोर्डचा बचाव होता. घटक जुने असले तरी त्यांची कार्यक्षम जुळणी नवी असू शकते, ही कर्न्स यांची भूमिका होती. १९९० मध्ये ज्यूरीने पेटंटचा भंग झाल्याचे मान्य केले, मात्र तो हेतुपुरस्सर नसल्याचे म्हटले. हे प्रकरण सुमारे १ कोटी २ लाख डॉलरवर मिटले. क्रायस्लरविरुद्धचा दावाही त्यांनी जिंकला आणि व्याजासह सुमारे ३ कोटी डॉलर मिळविले. अन्य उत्पादकांविरुद्धचे दावे मात्र न्यायालयीन मुदती न पाळल्यामुळे फेटाळले गेले. कर्न्स यांचे २००५ मध्ये निधन झाले. त्यांच्या जीवनावरील 'फ्लॅश ऑफ जीनियस' हा चित्रपट २००८ मध्ये प्रदर्शित झाला.

कार्यपद्धती

या यंत्रणेचे तीन भाग असतात: वायपरची मोटर, मोटरच्या आवरणातील थांबा-स्विच आणि टायमर. दुरुस्तीच्या दृष्टीने थांबा-स्विच सर्वांत महत्त्वाचा असला तरी त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

मोटरचे फिरणे वर्म गिअरमधून एका दंतचक्राकडे जाते व तेथून दांड्यांच्या साहाय्याने पाती हलतात. या दंतचक्रावर उंचवटा किंवा तांब्याची पट्टी असते. पाती काचेच्या तळाशी नसतील तेव्हा थांबा-स्विच मोटरला बॅटरीचा प्रवाह देत राहतो. पाती तळाशी येताच तो प्रवाह तोडून मोटरची तीच तार अर्थला जोडतो. अशा जोडणीने फिरत असलेली मोटर क्षणभर जनित्रासारखी वागते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. त्यामुळे चालकाने कोणत्याही क्षणी बटण बंद केले तरी पाती जागेवर येऊनच थांबतात.

टायमर या सोयीचाच उपयोग करतो. तो मोटरला केवळ अल्पकाळ प्रवाह देतो. तेवढ्यात दंतचक्र थांब्याच्या स्थितीतून बाहेर पडते आणि उरलेली फेरी थांबा-स्विच पूर्ण करतो. म्हणजेच टायमर फेरीची केवळ सुरुवात करून देतो.

दोन फेऱ्यांमधील अवधी रोधक व धारित्र यांवर ठरतो. रोधकामधून धारित्र हळूहळू भारित होते. त्याचा दाब ठरावीक पातळीला पोहोचताच ट्रान्झिस्टर वाहू लागतो व रिले ओढला जातो. अवधी ढोबळमानाने रोध व धारिता यांच्या गुणाकाराइतका असतो. उदाहरणार्थ, ५० किलोओहम रोध व १०० मायक्रोफॅरड धारिता असल्यास गुणाकार ५ सेकंद येतो. जुने होऊन तेच धारित्र ४० मायक्रोफॅरडवर उतरले, तर अवधी २ सेकंदांवर येतो. चालकाला अवधी बदलता यावा म्हणून काही मोटारींत बदलता रोधक दिलेला असतो.

दोषनिदान

टायमर मोटारीतील एक गूढ डबी असल्याने दोष प्रथम त्याच्यावर ढकलला जातो. प्रत्यक्षात कोणती क्रिया चालते आणि कोणती चालत नाही, हे नीट पाहिले तर डबी उघडण्यापूर्वीच बहुतेक उत्तर मिळते.

मंद व जलद या दोन्ही गती व्यवस्थित असून बंद केल्यावर पाती जागेवर येत असतील आणि केवळ खंडित स्थिती चालत नसेल, तर दोष टायमरमध्ये, चालकाच्या बटणात किंवा त्या दोहोंमधील तारेत असतो. पाती काचेच्या मध्येच थांबत असतील, तर संशय थांबा-स्विचवर किंवा त्याच्या तारेवर घ्यावा. पाती तळाशी येऊनही किंचित पुढे उसळत असतील किंवा न थांबता दुसरी फेरी घेत असतील, तर ब्रेकसाठीची अर्थजोडणी तुटलेली असू शकते. खंडित स्थितीत वायपर सलग फिरू लागणे हे रिलेचे संपर्क चिकटल्याचे किंवा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्याचे लक्षण आहे. अवधी कमी-जास्त होत असल्यास धारित्र, झिजलेला बदलता रोधक किंवा तडकलेला डाख ही कारणे संभवतात. सर्वच गतींत पाती जड चालत असतील, तर विजेपेक्षा यंत्रभागांकडे पाहावे: गिअरमधील वाळून घट्ट झालेले ग्रीस, गंजलेले खुंट किंवा खराब अर्थ.

जर्मन मोटारींत डीआयएन ७२५५२ या मानकातील क्रमांक टर्मिनलांवर छापलेले असल्याने तपासणी सोपी होते. त्यांत ३१ म्हणजे अर्थ, १५ म्हणजे इग्निशनमधून येणारा प्रवाह, ५३ म्हणजे मोटरकडे जाणारी मुख्य तार, ५३ए म्हणजे थांब्यासाठीचा धन प्रवाह आणि ५३ई म्हणजे थांबा-स्विचकडून येणारी तार होय. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत फ्यूजमधून येणारी इग्निशनची तार हिरव्या रंगाची असते. रिले काढून व इग्निशन चालू ठेवून पाती मध्यावर असताना ५३ई वर सुमारे १२ व्होल्ट आणि पाती तळाशी असताना शून्य व्होल्ट दिसले, तर थांबा-स्विच ठीक आहे असे समजावे. मात्र काही मोटारींत थांब्याचा प्रवाह रिलेच्या विश्रांतीच्या संपर्कातूनच जातो. तेथे रिले उपसल्यावर पाती मध्येच थांबू लागली, तर तो मोटरचा दोष नव्हे.

दुरुस्ती

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी. वायपरच्या दांड्यांत बरीच ताकद असते आणि टायमर कोणत्याही क्षणी फेरी सुरू करू शकतो. बोटे चिरडण्याचा धोका खरा आहे. चाचणी घेताना काच ओली ठेवावी, अन्यथा मोटरवर अकारण भार येतो.

थांबा-स्विच नादुरुस्त असल्यास गिअरचे झाकण उघडून काळे पडलेले ग्रीस पुसून काढावे, तांब्याची पट्टी स्वच्छ करावी आणि स्प्रिंगच्या पत्तीचा दाब पाहावा. ल्युकसच्या १४डब्ल्यू प्रकारच्या मोटरमध्ये हा स्विच स्वतंत्र भाग असून तो बदलता येतो. नवे ग्रीस दातांना लावावे, संपर्कपट्टीवर त्याचा थर देऊ नये.

टायमरची डबी उघडल्यावर प्रथम भिंगाने डाखाचे सांधे पाहावेत. रिलेच्या पायांभोवती दिसणारी बारीक वर्तुळाकार तडा हा वर्षानुवर्षांच्या धक्क्यांचा परिणाम असतो. जुना डाख काढून नवा दिल्यास अनेक टायमर पुन्हा चालू होतात. विद्युत्-अपघटनी धारित्र मात्र वयानेच निकामी होते. त्याच्या रबरी बुचामधून आतील द्रवाची वाफ हळूहळू निसटते आणि डॅशबोर्डखालील उष्णतेने ही क्रिया वाढते. धारिता घटली तर अवधी आखडतो. गळती वाढली तर दाब अपेक्षित पातळीला पोहोचतच नाही व वायपर हलत नाही. नवे धारित्र त्याच धारितेचे, किमान २५ व्होल्टचे व १०५ अंश सेल्सिअस क्षमतेचे घ्यावे. त्याची धन व ऋण टोके उलट जोडू नयेत. ट्रान्झिस्टर जळालेला आढळल्यास रिलेच्या वेटोळ्याला समांतर असलेला डायोडही तपासावा. रिले सुटताना वेटोळ्यात निर्माण होणारा उलटा दाब हा डायोड शोषून घेतो. तो तुटलेला असेल तर नवा ट्रान्झिस्टरही लवकरच जळतो.

मूळ मंडल दुरुस्त होण्यापलीकडे गेले असल्यास जुन्या डबीतच ५५५ टायमरवर आधारित नवे मंडल बसविण्याची पद्धत आहे. सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ च्या सुमारास बाजारात आणलेली ही चिप आजही सहज मिळते. बाह्य रूप व जोडण्या तशाच राहत असल्याने जतनाच्या दृष्टीने हा मार्ग तारा कापून परका रिले बसविण्यापेक्षा निश्चितच बरा होय.

मूळ खंडित सोय नसलेल्या अधिक जुन्या मोटारींत तयार टायमर जोडताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली बॅटरीचा दाब. काही जुन्या मोटारी ६ व्होल्टच्या असतात. दुसरी अर्थची दिशा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीसह अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. ऋण अर्थसाठी बनविलेला टायमर अशा मोटारीत जोडल्यास त्यातील ट्रान्झिस्टर पहिल्याच क्षणी जळू शकतो.