काडीमोडीपासून कुटुंब न्यायालयापर्यंत : मोडलेल्या संसारांचा आपला इतिहास

(इंदिरानगर, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "घटस्फोटाला कसला आलाय इतिहास? हे तर काल-परवाचं खूळ." हा समज इतका पक्का आहे की आजचं बोलणं तिथूनच सुरू करू. आपल्याकडे लग्न म्हणजे सात जन्मांची गाठ, घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट, मुली शिकल्या आणि संसार मोडायला लागले, असं आपण ऐकत आलो. आमचं म्हणणं असं आहे की यातलं पहिलं वाक्य मूठभर जातींपुरतं खरं होतं, दुसरं खोटं आहे आणि तिसरं किमान सव्वाशे वर्षं जुनं आहे.

आधी भाषेकडे बघा. 'घटस्फोट' हा शब्द संस्कृत वळणाचा, कागदावरचा. पण 'काडीमोड' हा शब्द कुठल्या इंग्रजी पुस्तकातून आला नाही. पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि संबंध तुटला असं जाहीर करायचं, ही खूण. 'सोडचिठ्ठी' आणि 'फारकत' हे शब्दही तसेच गावातले. सोडचिठ्ठी मिळालेल्या किंवा विधवा झालेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे 'पाट' किंवा 'मोहतूर'. ज्या समाजाला काडीमोड ठाऊकच नव्हती, त्या समाजाने तिच्यासाठी एवढे शब्द कशाला घडवले असते? महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शेतकरी, कारागीर आणि श्रमिक जातींत ही वाट होती. ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही वरच्या जातींत नव्हती.

आता यातून 'आपले पूर्वज किती पुढारलेले' असा निष्कर्ष कोणी काढू नका बरं का. पंचायत पुरुषांची. सुटायचं तर दंड, जेवणावळ, लग्नात घेतलेलं दागदागिने-देज परत. पाट लावलेल्या बाईला लग्नाच्या बायकोचा मान नसे; शुभकार्यात तिला मागे ठेवत. आणि जातपंचायत हे प्रकरण इतिहासात जमा झालं असंही नाही. २०१३ च्या जूनमध्ये याच नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जन्मदात्या बापाने खून केला. त्यानंतर ऑगस्टमध्ये जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीची परिषद इथे झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या परिषदेत होते, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला पुण्यात त्यांची हत्या झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा हे त्या सगळ्या हालचालीचं फळ.

तर पंचायत चांगली होती असं नाही, पण दार होतं. ते दार अरुंद कोणी केलं? इंग्रजी न्यायालयांनी. १८६० च्या दंडसंहितेत कलम ४९४ आलं : नवरा किंवा बायको हयात असताना दुसरं लग्न, आणि पहिल्या लग्नामुळे ते दुसरं कायद्याने रद्द ठरत असेल, तर गुन्हा. हिंदू पुरुषाला कितीही बायका करायची मुभा होती, त्यामुळे त्याचं दुसरं लग्न रद्द ठरतच नसे. म्हणजे या कलमाचा फास उरला बाईच्या गळ्यात. १८६४ साली करसन गोजा खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईने त्याला सोडून दुसरं लग्न करावं अशी जातीची रूढी असली तरी ती अनैतिक, म्हणून आम्ही मानणार नाही. १८७६ च्या शंभू रघू खटल्यात जातीचा काडीमोड देण्याचा अधिकारच नाकारला गेला. पंचांनी सोडवलेली आणि गावाने मान्य केलेली बाई कोर्टात गुन्हेगार ठरू शकत होती. सुधारणेच्या नावाखाली उच्चवर्णीयांची चाल सगळ्यांच्या माथी मारली गेली, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

त्याच १८६४ साली मुंबईत एक मुलगी जन्मली. रखमाबाई. तिची गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

रखमाबाई सुतार समाजातल्या. आई जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत त्याला आडकाठी नव्हती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी झालं. त्या नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच वाढल्या, वाचू-लिहू लागल्या. नवरा शिकला नाही, प्रकृतीही धड नाही, मामाच्या आश्रयाला. रखमाबाईंच्या नावावर वडिलांकडून आलेली मालमत्ता होती, हे विसरू नका. संसाराच्या भांडणात पैसा कुठे आहे ते आधी शोधावं, मग भावना.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला : बायको नांदायला पाठवा. या दाव्याचं मूळ ना धर्मशास्त्रात ना जातीच्या रूढीत. ते इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतलं. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न लावलेल्या तरुण बाईला तिच्या इच्छेविरुद्ध अशा पुरुषाच्या स्वाधीन करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने बालविवाहावर पत्रं आली; ती रखमाबाईंची. पुढे अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

'केसरी' आणि 'मराठा' रखमाबाईंच्या विरोधात होते. मुली शिकल्या की संसार मोडणार, हा सूर तेव्हाचा. आज एखाद्या लग्नसमारंभात जेवणाच्या रांगेत तो ऐकू आला तर वक्त्याला स्वतःचा विचार मांडल्यासारखं वाटतं, पण ती उष्टी पत्रावळ आहे.

राणी व्हिक्टोरियाने हुकूम काढून हे लग्न रद्द केलं, असं मोबाइलवर फिरत असतं. प्रकरण मिटलं ते तडजोडीने. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. त्यांनी दुसरं लग्न केलं; कायद्याने त्यांना मोकळीक होती. रखमाबाईंना नव्हती. त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रं नेसली. काहींना हा त्यांचा पराभव वाटतो. आम्हाला त्यात कायद्याचं वास्तव दिसतं : काडीमोड कधी झालीच नव्हती.

यानंतरची साठ वर्षं भराभर सांगतो. संस्थानं ब्रिटिश मुलखाच्या पुढे गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास आंतरजातीय विवाह, स्त्रियांचा छळ आणि काडीमोड यांवर कायदे केले. सयाजीरावांच्या बडोद्यात १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. ब्रिटिश मुलखात डॉ. जी. व्ही. देशमुखांनी मध्यवर्ती कायदेमंडळात घटस्फोटाचं विधेयक मांडलं, ते पार पडलं नाही. मग मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्येला बंदी घातली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केला. म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या हिंदू बाईला कोर्टातून घटस्फोट मागता येऊ लागला तो १९५५ च्या आठ वर्षं आधी. द्विभार्याबंदीला आव्हान मिळालं, तेव्हा १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात न्यायमूर्ती छगला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला.

त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडल्यावर डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. घटस्फोटामुळे हिंदू समाज बुडेल म्हणणाऱ्यांना त्यांनी दिलेलं उत्तर आजच्या विषयाच्या गाभ्याचं आहे. त्यांचा मुद्दा असा, की बहुसंख्य हिंदूंमध्ये, म्हणजे शूद्र मानलेल्या जातींमध्ये, रूढीने घटस्फोट आहेच. मग मूठभरांचा नियम सगळ्यांवर का लादता? १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या कलम २९ मध्ये रूढीने मिळणारी काडीमोड शाबूत ठेवली आहे. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, नव्वदी ओलांडलेल्या डॉ. रखमाबाई गेल्या.

मात्र त्या कायद्यात एक कलम ९ आहे. बोलीत सांगायचं तर 'नांदायला येण्याचा दावा'. दादाजींनी लावला होता तोच. तुरुंग गेला, पण हुकूम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान दिलं गेलं. व्यवहारात मात्र बायकोने पोटगी मागितली की उत्तरादाखल नवऱ्याकडून कलम ९ ची नोटीस जाते, 'आम्ही तर न्यायला तयार आहोत' म्हणून. 'नांदणे' हे क्रियापद मराठीत बाईसाठीच का राखून ठेवलंय, यावर भाषेच्या अभ्यासकांनी एकदा बोलावं.

आता कारणांकडे येऊ, कारण तुम्ही त्यासाठी आला आहात. १९४७ च्या कायद्यातली कारणं पाहा : नपुंसकत्व, वेड, महारोग, चार वर्षं टाकून देणं, सात वर्षं बेपत्ता असणं, दुसरी बाई ठेवणं. मारझोड? ती नव्हती. १९५५ च्या कायद्यातही क्रूरतेवरून फक्त न्यायिक फारकत मिळे, म्हणजे वेगळं राहा पण लग्न कायम. क्रूरता आणि परित्याग ही थेट घटस्फोटाची कारणं झाली १९७६ च्या दुरुस्तीने, आणि परस्पर संमतीचा घटस्फोटही तेव्हाच आला.

त्याआधी एकच वर्ष लागलेला दास्ताने विरुद्ध दास्ताने हा निकाल वकील मंडळींना तोंडपाठ असतो. पुण्यातलं सुशिक्षित जोडपं, १९५६ चं लग्न, १९६२ मध्ये पुण्याच्या कोर्टात अर्ज, १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालय. तेरा वर्षं! न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी घरगुती पत्रं, टोमणे, धमक्या असं सगळं बारकाईने वाचलं. क्रूरता फौजदारी गुन्ह्यासारखी निःसंशय सिद्ध करायची गरज नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं, हे त्यांनी सांगितलं. बायकोचं वागणं क्रूरतेचं ठरलं, पण नंतरही दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले, म्हणजे नवऱ्याने ते माफ केलं, म्हणून त्याचा अर्ज फेटाळला. हा निकाल आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की मोठं कारण असं एकही त्यात नाही. रोजच्या जगण्यातले काटे आहेत. संसार बहुधा असेच मोडतात, आणि कायद्याला यादी हवी असते.

आपल्या इंदिरानगराचं घ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी शहर वाढलं, खानदेशातून, निफाड-येवल्याकडून माणसं आली, फ्लॅट झाले. वाड्यात भांडण झालं तर चार बिऱ्हाडं मध्ये पडायची. त्यात जाच होता, आधारही होता. फ्लॅटचं दार बंद झालं की दोन्ही गेले. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, एक जण आठवडाभर पुण्याला, घराचा हप्ता दोघांच्या पगारावर, आणि दोन्हीकडच्या आयांचे रोज रात्री फोन. यात नवं काय? बाईचा पगार. पूर्वी सहन करण्यामागे संस्कार किती आणि नाइलाज किती, हे मोजायची सोयच नव्हती. आता थोडी झाली आहे.

पण आकडा पाहाल तर चक्रावाल. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेले लोक साधारण साडेतेरा लाख. वेगळे राहणारे, पण घटस्फोट न झालेले, त्याच्या जवळपास तिप्पट. खरा प्रश्न या दुसऱ्या आकड्यात आहे. आपल्याकडे त्यांना 'टाकलेली' म्हणत. 'परित्यक्ता' हा शब्द रूढ व्हायला चळवळ लागली. आपल्या शेजारी संगमनेरला १९८० च्या दशकाच्या अखेरीस समता आंदोलनाने या बायकांची परिषद घेतली, अ‍ॅड. निशा शिवूरकरांनी तो प्रश्न लावून धरला. मागण्या किती साध्या होत्या बघा : स्वतंत्र रेशनकार्ड हवं. कारण नवऱ्याच्या कार्डावर नाव, भावाच्या कार्डावर नाही, मग साखर-रॉकेल कुणाच्या नावाने आणायचं? राज्याचं महिला धोरण आलं ते १९९४ मध्ये.

एका भगिनींची चिठ्ठी आली आहे : "दोघांचीही तयारी असेल तर किती वेळ लागतो?" आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं. २०१७ च्या निकालानंतर हे सहा महिने न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं. आणि कुटुंब न्यायालयात आधी समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे जाताना पोटगी, मुलांचा ताबा आणि स्त्रीधन या तीन गोष्टी लिहून न्या. तोंडी ठरलेलं पुढे कोणाला आठवत नाही. पुढची चिठ्ठी घेऊ.