वर्गणीतला खून

कॉलेज सुटल्यावर आम्ही चौघे मित्र एका नाटकासाठी वर्गणी मागत गावभर हिंडलो होतो. एका कापडदुकानदारांनी आम्हाला गादीवर बसवून चहा पाजला आणि पाचशे रुपये काढून दिले. नाटक दोन प्रयोगांत आटोपले. ते पाचशे रुपये परत करायचे राहिले ते राहिलेच. देणारे गृहस्थही आता हयात नाहीत. ‘ब्लड सिंपल’ या अमेरिकन चित्रपटाच्या जन्माची हकीकत वाचताना मला त्या चहाची आठवण झाली.

जोएल आणि ईथन कोएन हे मिनेसोटा राज्यातले भाऊ. थोरला न्यूयॉर्कला चित्रपटकला शिकलेला, धाकटा प्रिन्स्टनला तत्त्वज्ञान. स्वतःचा असा चित्रपट दोघांनीही तोवर काढलेला नव्हता. जोएल मात्र सॅम रेमीच्या ‘द ईव्हिल डेड’च्या संकलनात मदतनीस होता, आणि पैसे उभे करण्याची रेमीचीच युक्ती या दोघांनी उचलली. चित्रपट काढण्याआधीच त्यांनी त्याचा दोन-तीन मिनिटांचा ट्रेलर काढला! काळोखी भिंत, तिला गोळ्यांनी पडलेली भोके आणि त्या भोकांतून घुसणारे प्रकाशाचे झोत, असले काहीतरी त्यात होते. मग प्रोजेक्टर घेऊन हे बंधू मिनिआपोलिसच्या डॉक्टरांच्या नि लहानसहान व्यापाऱ्यांच्या दारी गेले. संहिता वाचायला कुणाला सवड असते? पण घरच्या दिवाणखान्यात भिंतीवर खून पडू लागला, तर माणूस खुर्ची पुढे ओढून बसतोच. सुमारे पंधरा लाख डॉलरांत हा चित्रपट झाला. आपल्याला हा आकडा डोळे पांढरे करणारा वाटेल. हॉलिवूडच्या हिशेबी ती चिल्लरच.

१९८२ साली टेक्ससमध्ये चित्रण झाले. छायालेखक बॅरी सोननफेल्ड, संगीतकार कार्टर बरवेल, नायिका फ्रान्सिस मॅक्डॉरमंड, सगळ्यांचाच हा पहिला मोठा चित्रपट. नाव घेतले डॅशिएल हॅमेटच्या १९२९ सालच्या ‘रेड हार्वेस्ट’ कादंबरीतून. हॅमेट स्वतः पूर्वी खाजगी हेर होता. रक्तपातात वावरून माणसाची बुद्धी भ्रमते, त्या अवस्थेला त्याने हे शब्द वापरले आहेत.

कथा पाहा. गुत्तेवाला मार्टी आपली बायको ॲबी आणि गुत्त्यातला नोकर रे यांना ठार करण्यासाठी एका हेराला दहा हजार डॉलर देऊ करतो. हेर खोटे छायाचित्र दाखवून पैसे घेतो आणि ॲबीच्याच पिस्तुलाने मार्टीवर गोळी झाडतो. रे येतो, पिस्तूल ओळखतो, आणि ॲबीनेच हे केले असे समजून प्रेमापोटी रक्त पुसत बसतो. प्रेत शेतात पुरायला नेतो, तो प्रेत जिवंत! रे त्याला तसाच पुरतो. हा प्रसंग जवळजवळ शब्दावाचून चालतो, आणि तो पाहताना मी दोनदा उठून पाणी प्यालो.

एकाही पात्राला खरे काय घडले ते शेवटपर्यंत कळत नाही. कळते ते फक्त आपल्याला. चार-पाच माणसे, एक गुत्ता, दोन-तीन घरे आणि एक शेत, एवढ्यावर अडीअडचणीत भागवायचे तर भीती आणायची कुठून? ती त्यांनी गैरसमजातून आणली, आणि गैरसमजाला खर्च पडत नाही.

म्हणून गरिबीने कला फुलते, हे भाबडे मत मात्र मला मान्य नाही. आम्हीही गरीबच होतो आणि आमचे नाटक रद्दड होते. फरक तयारीचा. या दोघांनी दृश्ये आधी कागदावर रेखाटून ठेवली होती. धावते दृश्य हवे तेव्हा फळीच्या मध्यभागी कॅमेरा बसवून दोन टोकांना दोन माणसे धरून पळाली. गुत्त्याच्या लांब टेबलावरून कॅमेरा सरकत येतो, वाटेत एक दारुडा डोके टेकून पडलेला. कॅमेरा अलगद त्याच्यावरून उचलला जातो आणि पुन्हा खाली उतरून पुढे जातो. ही थट्टा फुकटातली आहे, पण ती सुचायला डोके लागते.

वितरकांनी आधी नाके मुरडली. १९८५ साली युटा राज्यातल्या महोत्सवात (पुढे तोच ‘सनडान्स’ झाला) परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. २००० साली बंधूंनी तो पुन्हा संकलित करून प्रदर्शित केला, तेव्हा तो मूळच्याहून तीनेक मिनिटांनी आखूडच केला. अशा वेळी बहुतेक दिग्दर्शक चित्रपट लांबवतात.

शेवटी हेर न्हाणीघराच्या फरशीवर मरत पडलेला असतो. एम. एमेट वॉल्श या वयस्क नटाने तो साकारला. २०२४ साली ते वारले. दाराआड उभी ॲबी त्याला मार्टीच समजून बोलते, आणि ते ऐकून तो मरता मरता खदखदून हसतो. मग त्याची नजर वर जाते. मोरीच्या नळीखाली पाण्याचा एक थेंब जमत असतो. तो आता पडणार, थेट तोंडावर.

दिवाणखान्यात प्रोजेक्टरपुढे बसलेल्या त्या डॉक्टरांना हा थेंब कुणीच दाखवला नव्हता.